आधी कड बघा

काका नाण्याचं तोंड बघतच नाहीत. समोरचा पोरगा “इथे बघा ना, सालाच्या खाली,” म्हणून बोट नाचवतोय आणि काकांनी रुपया आडवा धरून दिव्यासमोर नेलाय. चिमटीतली कड नखानं थोडी थोडी सरकवत ते नाणं फिरवतात, अख्खा एक फेरा. मग ते टेबलावरच्या लाल कापडावर ठेवतात आणि पहिल्यांदाच पोराकडे बघतात.

“हं. आता बोल. काय झालंय ह्याला?”

“एरर आहे काका. खाली डॉट आलाय.”

“आला नाही, दिलाय. नोएडाच्या टाकसाळीची खूण आहे ती.”

पोराच्या हातातल्या मोबाइलवर कुणीतरी मोठमोठ्यानं बोलतंय. हाच रुपया, हाच ठिपका, आणि खाली लाल अक्षरांत लाखांचा आकडा. काका व्हिडिओ बंद करायला सांगत नाहीत, त्याच्यावरून बोलतात. सालाखाली गोल टिंब असलं की नोएडा, पत्त्यातली चौकट असली की मुंबई, चांदणी असली की हैदराबाद, काहीच नसलं की कोलकाता. नव्वदच्या दशकात काही नाणी परदेशातून पाडून आणली, त्यांच्यावर त्या त्या टाकसाळीच्या खुणा. मेक्सिकोहून आलेल्या रुपयावर एम आणि त्याच्या डोक्यावर इवलासा ओ. “ही टाकसाळीची सही आहे. सहीला कुणी चूक म्हणतं का?”

पोरगा खिशातून दुसरं नाणं काढतो. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं. काका त्याला हातसुद्धा लावत नाहीत.

पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलंय. हॉल एरवी लग्नांचा. स्टेजच्या मागच्या पडद्यावर कुणाच्या तरी नावाची थर्माकोलची अक्षरं अर्धी निघून अर्धी चिकटून राहिलीत. रविवारची सकाळ, गर्दी दाटलेली. मुंबई, सुरत, इंदूर, हैदराबादहून आलेले व्यापारी काचेच्या पेट्या मांडून बसलेत. काहींनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत चिल्लर ओतून ‘कोणतंही घ्या, वीस रुपये’ असे कागद लावलेत, आणि मोठी मोठी माणसं त्या डब्यांत कोपरापर्यंत हात घालून उपसतायत. हाताला तांब्याचा वास लागतो तो चहाच्या कपालाही येतोय.

काकांचं टेबल दाराजवळ. विकायला एकही नाणं नाही. ‘नाणी तपासून मिळतील’ एवढीच पाटी. सगळी हयात भोसरीच्या एका टूलरूममध्ये पंच आणि डाय बनवण्यात गेली. नाण्यांचा नाद तिथूनच लागला, कारण नाणं म्हणजे शेवटी प्रेसमधून पडलेला एक पीसच. टेबलावर दहा पटीचं भिंग, व्हर्नियर, खिशात मावेल असा वजनकाटा, आणि पत्र्याची एक हातभर लांब पट्टी, गोल गोल भोकं पडलेली. ती कशाला हे मला सुरुवातीला कळत नाही. मी मागच्या स्टुलावर बसलोय, काकांच्या खांद्यावरून दिसेल तेवढं बघतोय.

“रिझर्व्ह बँकेनं सुद्धा पत्रक काढलंय,” काका पोराला सांगतात. ते खरंच आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये बँकेनं जाहीर केलं होतं, की जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत आमच्या नावानं फी नि कमिशन मागणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही. पण पोराला पत्रकात रस नाही. त्याला एरर हवीय. “मग खरी एरर कशी असते काका?” तो विचारतो, आणि जागचा हलत नाही. काका त्याला टेबलाच्या आतल्या बाजूला, माझ्या शेजारी उभा करतात. तो दिवसभर तिथेच राहणार हे त्याच्या उभं राहण्यावरूनच दिसतं.

पुढचे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टातले, नाणं प्लास्टिकच्या होल्डरमध्ये घालून आणलेलं. “डाय रोटेशन,” ते स्वतःच निदान सांगतात. काका नाणं होल्डरमधून काढतात, वरची आणि खालची कड दोन बोटांत धरतात आणि गर्रकन उभं फिरवतात. आपल्या नाण्यांची एक बाजू सरळ धरून असं फिरवलं की दुसरी बाजूही सरळच यायला हवी. इथे दोन रुपयांचा आकडा जरासा कलंडलाय.

“दहा अंश. फार तर बारा.”

“पण आहे ना?”

“आहे. अशी पोत्यानं आहेत. डाय होल्डरमध्ये बसवताना एवढं इकडेतिकडे होतंच, त्याला कुणी पैसे देत नाही.” काका खणातून स्वतःचं एक नाणं काढतात, स्टीलचा रुपया. फिरवतात. मागची बाजू सपशेल डोक्यावर उभी. “हिला म्हणायचं रोटेशन. डायचा स्क्रू सुटला आणि डाय जागच्या जागी फिरली, किंवा बसवणाऱ्यानं बसवलीच उलटी. आणि हिच्यात एक चांगलं आहे, ही घरी बनवता येत नाही.”

गृहस्थ नाणं परत होल्डरमध्ये घालतात. स्टेपलर विसरलेत, म्हणून काकांचाच मागतात.

काकांचा सगळा धंदा (फुकटचा असला तरी धंदाच तो) एका प्रश्नावर चालतो. नाण्यावर जे काही वेगळं दिसतंय ते टाकसाळीच्या आत झालं की टाकसाळीच्या बाहेर? आत झालं असेल तर पत्रा, पंच, डाय आणि प्रेस यांच्या भाषेत त्याचा खुलासा देता आला पाहिजे, पायरीपायरीनं. देता आला नाही तर नाण्याला रस्त्यात गाडीनं चिरडलंय, नाही तर कुणीतरी वाइसमध्ये धरलंय. बाकी सगळी नावं नंतर. नावं पाठ असलेली माणसं या हॉलमध्ये भरपूर आहेत, खुलासा देणारी फार दिसत नाहीत.

एक मुलगी आपल्या नाण्यावर आडवी रेघ दाखवते. काका नाणं पोराच्या हातात देतात. “नख फिरव. खड्डा लागतो की उंचवटा?”

पोरगा फिरवतो. “उंच आहे.”

“मग ती चीर डायला पडलीय. डायला भेग पडली की प्रेसचा दाब बसताना धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर रेघ उठून येते. ओरखडा उठत नाही, खोल जातो. आता काठाशी बघ, रेघ कुठे जाते?”

रेघ अक्षरं ओलांडून थेट काठापर्यंत गेलीय. काका सांगतात, अशीच भेग वाढत गेली की एक दिवस डायचा काठाचा तुकडाच उडतो, आणि मग त्या जागी नाण्यावर नक्षी नसते, नुसता धातूचा सपाट गोळा वर आलेला असतो. त्याला संग्राहक कड् म्हणतात आणि तो चांगल्या भावानं जातो. “बरोब्बर त्याच्या पाठीमागची नक्षी पुसट असणार. तिथला धातू ह्या बाजूच्या खळग्यात गेला, तिकडे भरायला उरला नाही. पुसट नसेल तर शंका घ्यायची.” मुलीच्या नाण्यावर कड् नाही, नुसती चीर आहे. तरी ती खूश दिसते. मुंबईच्या टाकसाळीत कुठल्या तरी दिवशी कुठली तरी डाय दमली होती याचा पुरावा आपल्या पर्समध्ये होता, एवढंही काहींना पुरतं.

मग पट्टीचा उपयोग कळतो.

एक दाढीवाला तरुण चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेला रुपया घेऊन आलाय. बाराशे रुपयांना घेतला, ऑनलाइन. काका पट्टी उचलतात. नाण्याचा पत्रा प्रेसखालून पुढे सरकत जातो आणि पंच त्यातून कोऱ्या चकत्या पाडतो. पत्रा नीट पुढे सरकला नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला जन्मतःच चावा बसतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या एक बाई, पन्नाशीच्या, हातात स्टीलचा डबा, न राहवून म्हणतात, “म्हणजे वाटीनं पुऱ्या पाडताना होतं तसं!”

“तस्सं, ताई. पुरीला एक बाजू खाल्लेली.” काका पट्टीतल्या भोकाशी त्या रुपयाचा कापलेला भाग लावून बघतात. “म्हणून चाव्याची गोलाई चकतीच्याच मापाची पाहिजे. ही त्याहून लहान आहे. आणि आता समोरची कड बघा.”

चावा जिथे आहे त्याच्या नेमक्या समोरच्या टोकाला काका भिंग धरतात आणि मला खुणेनं पुढे बोलावतात. मी वाकतो. नाण्याची उठावदार किनार तिथे इतर ठिकाणी आहे तितकीच जाड, तितकीच ठसठशीत. हेच चुकीचं आहे. कोऱ्या चकतीवर ठसा बसण्याआधी तिची किनार उचलून घेण्यासाठी ती दोन पृष्ठभागांमध्ये दाबून गडगडवतात. चकती एका बाजूनं खाल्लेली असेल, तर तो खळगा दाबाखाली येतो त्या क्षणी समोरच्या टोकालाही दाब मिळत नाही, आणि तिथली किनार उठतच नाही. खऱ्या चाव्याच्या समोर म्हणून किनार बसकी असते, अक्षरंही चाव्याकडे ओढल्यासारखी पातळ होत जातात. इथे अक्षर मध्येच कापलंय, सुरीनं कापावं तसं सरळ.

“आता कापलेली कडच बघा,” काका म्हणतात. “पंच पत्रा पूर्ण कापत नाही. अर्ध्या जाडीपर्यंत कापतो, उरलेला फाटतो. वरचा पट्टा चकचकीत, खालचा खरबरीत. इथे आडव्या रेघा आहेत. कानस.”

तरुण नाणं हातात घेऊन स्वतः बघतो. कानशीच्या रेघा आता त्यालाही दिसतात. एकदा दिसल्या की दुसरं काही दिसतच नाही. काही न बोलता तो बाजूला होतो आणि खांबाला टेकून मोबाइलवर कुणाला तरी भराभर टाइप करायला लागतो.

बाई डबा टेबलावर ठेवतात. झाकण निघता निघत नाही. साताऱ्याकडच्या आहेत, सासूबाईंच्या ट्रंकेत सापडला म्हणतात. आत जुन्या धोतराच्या फडक्यात नाणी बांधलेली. वर वर भोकाचे पैसे, दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा 1943 पासून पाडलेले, मध्ये मोठं भोक आणि डोक्यावर मुकुट. त्यातल्या एकाचं भोक मधोमध नाही, एका बाजूला सरकलंय. पोरगा लगेच “एरर!” म्हणतो. काका भोकाची आतली कड भिंगाखाली घेतात.

“ह्याला आधीच मध्ये एक भोक आहे बघ.”

खरंच, सरकलेलं भोक म्हणजे मूळच्या भोकालाच एका बाजूनं वाढवलंय. आतल्या कडेला बर आलीय, कापल्यावर उरते ती धारदार कोर. टाकसाळीत भोक आधी पडतं आणि ठसा नंतर बसतो. त्यामुळे भोकाच्या कडेवरची बर दाबाखाली चेपून जायला हवी. “पैशाला वॉशर म्हणून वापरायचे तेव्हा. बोल्ट जाड असेल तर भोक मोठं करायचे. हे कुणा मिस्त्रीचं काम.” बाई हसतात. म्हणतात, सासरे बैलगाड्या दुरुस्त करायचेच.

खाली दोन चांदीचे रुपये, राणीछाप, दोन्हीवर 1862. काका दोन्ही काट्यावर ठेवतात; अकरा ग्रॅमच्या वर, झिजेमुळे थोडे कमी. नवा असताना बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. एका रुपयावर सालाच्या आसपास बारीक ठिपके आहेत, दुसऱ्यावर नाहीत. पोरानं आता तोंड आवरलंय, तो फक्त काकांकडे बघतो. काका समाधानानं मान हलवतात.

“1862 हे साल पुढे 1874 पर्यंत बदललंच नाही. मुंबईवाले वर्षाची खूण म्हणून ठिपके देत गेले. ठिपके मोजणारे संग्राहक आहेत, ताई, हे दोन वेगवेगळे ठेवा. पण ही चूक नव्हे, हिशेब आहे.”

तिसरं नाणं बाई जरा खालच्या आवाजात पुढे करतात. “हे खराब झालंय. एका बाजूनं घासलं गेलंय बहुतेक. चिंचेनं घासायला काढलं होतं, मग राहून गेलं.”

ब्राँझचा पाव आणा. इंचभर व्यासाचा, काळपट चॉकलेटी. वरच्या बाजूला पाचवा जॉर्ज, मुकुट, झगा, कडेनं इंग्रजी अक्षरं. काका सवयीप्रमाणे आधी कड फिरवतात, गुळगुळीत, जशी असायला हवी तशी. वजन करतात, पाच ग्रॅमला थोडं कमी, तेही जसं असायला हवं तसं. मग नाणं उलटतात आणि त्यांचा हात थांबतो. दिवा जवळ ओढतात.

मागच्या बाजूला ‘एक पाव आणा’ नाही, वेलबुट्टी नाही, साल नाही. तिथेही जॉर्जच आहे. पण तो आत गेलाय. नाक, दाढी, मुकुटाची टोकं, सगळं नाण्यात रुतलेलं आणि तोंड उलट्या दिशेला. अक्षरं आरशात वाचावीत तशी उजवीकडून डावीकडे जातात. भिंगातून बघताना क्षणभर डोळ्याला तो चेहरा वर आलेलाच वाटतो. दिवा दुसऱ्या बाजूला सरकवला की पुन्हा खोल जातो.

“लखी,” काका म्हणतात. शेजारच्या टेबलावरचा इंदूरचा व्यापारी ते ऐकतो आणि गिऱ्हाईक तसंच सोडून उठून येतो.

हे कसं झालं, ते काका बाईंना दोन भोकाचे पैसे हातात घेऊन दाखवतात. प्रेसमध्ये वर एक डाय, खाली एक, मध्ये चकती. ठसा बसला की नाणं बाहेर फेकलं जातं आणि नवी चकती आत येते. एकदा नाणं बाहेर पडलंच नाही, मागच्या बाजूच्या डायला चिकटून राहिलं. नवी चकती आली. तिच्या एका बाजूला राजाची डाय होती, तिनं नेहमीसारखा उठावदार राजा उमटवला. दुसऱ्या बाजूला डाय दिसतच नव्हती, तिच्यावर आधीचं नाणं बसलं होतं आणि त्याचा राजाकडचा भाग बाहेर होता. त्या उठावदार राजानं नव्या चकतीत खड्डा पाडला. “म्हणजे ह्या नाण्यावरचा हा खोल राजा डायनं नाही पाडला. दुसऱ्या एका नाण्यानं पाडलाय.”

“आणि ते दुसरं नाणं?” पोरगा विचारतो.

“ते चांगलं निघालं असेल, किंवा चेपून बाटलीच्या झाकणासारखं झालं असेल. चिकटलेलं नाणं जितका वेळ तिथे राहील तितकं पसरत जातं आणि पुढच्या चकत्यांवरचा चेहरा मोठा, पुसट होत जातो. हा बघ किती रेखीव आहे. चिकटल्यानंतर अगदी पहिल्या-दुसऱ्या दाबाला पडलाय.”

इंदूरवाला नाणं हातात मागतो. तो कपाळाला भिंग लावूनच फिरतो. तोही कड बघतो, मग खोल चेहरा बराच वेळ. तो काय शोधतोय ते काका आम्हाला सांगतात. नकली लखी वाइसमध्ये बनते, दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळायची की एकाचा ठसा दुसऱ्यात उतरतो. पण त्या दुसऱ्या नाण्याची स्वतःची नक्षी तिथे आधीपासून असते, ती कुठे जाणार? खोल चेहऱ्याच्या खाली कुठेतरी पुसट अक्षर, वेलीचा शेंडा उरतोच. आणि उलट बाजूची नक्षी दाबून सपाट होते. इथे मागच्या बाजूची एक रेघही नाही आणि पुढचा राजा ताठ आहे.

“ओरिजिनल,” इंदूरवाला म्हणतो. मग बाईंना: “ताई, देणार का?”

“साल कुठलं?” बाई विचारतात. प्रश्न भाबडा नाही, अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. पाव आण्याचं साल मागच्या बाजूला असतं आणि मुंबईची खूणही तिथेच. ती बाजू या नाण्याला कधी मिळालीच नाही. पाचव्या जॉर्जचे पाव आणे 1911 ते 1936 पर्यंत पडले, त्यातलं कुठलं तरी.

इंदूरवाला एक आकडा बोलतो. बाई काकांकडे बघतात. काका पट्टी पुसायला लागतात. भावाच्या बोलण्यात ते पडत नाहीत. फक्त एवढं म्हणतात, “लिलाववाल्यांचं टेबल स्टेजच्या उजवीकडे आहे. विकायचं असो-नसो, तिथे दाखवून घ्या. आणि ताई, ह्याला चिंच लावू नका. लिंबू नको, राख नको, काही नको.”

बाई नाणं फडक्यात गुंडाळतात. इंदूरवाला आकडा वाढवतो. बाई डब्याचं झाकण हातानं दाबून लावतात आणि स्टेजच्या उजवीकडे निघतात. तो त्यांच्यामागे चार पावलं जातो, मग स्वतःच्या उघड्या पेटीची आठवण येऊन परततो.

जेवणाआधीची गर्दी वाढते. मी पाय मोकळे करायला पलीकडच्या रांगेत जातो. तिथे शिवराई नाण्यांचा ढीग आहे. पुढे ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’, पण एकाही शिवराईवर सगळी अक्षरं नाहीत. कुठे ‘राजा’चा अर्धा ‘जा’ काठाबाहेर गेलाय, कुठे ‘पति’ आहे आणि ‘छत्र’ नाही. एक कॉलेजकुमार विक्रेत्याला “ऑफ-सेंटर एररचे जास्त लागतात का?” विचारतोय, आणि विक्रेत्याला तो मुलगा आवडलेला दिसतो, कारण तो “थोडे लागतात,” म्हणतो. हे मला पटत नाही. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि वर हातोडा माणसाच्या हातातला. तिथे ठसा सरकणं हाच नेम होता. शिव, शीव, सिव असं वेगवेगळं लेखनही त्या नाण्यांवर सापडतं. रायगडावर 1674 मध्ये सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही कुठकुठल्या टाकसाळीत पडत राहिलं, खोदणारे हात निराळे, ठसे निराळे. चूक म्हणायला आधी एक ठरलेलं रूप लागतं. यंत्रानं ते ठरवलं, म्हणून यंत्राच्या नाण्याला एरर असते. 1911 च्या रुपयाबद्दलही लोक असंच बोलतात. जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, गहजब झाला, पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. पण टाकसाळीनं तो रुपया कोरला होता तसाच, बिनचूक छापला होता.

परत येतो तर टेबलावर ‘शोले’चं नाणं आलंय. दोन्हीकडे छापाच असलेला रुपया. काका तो भिंगाखाली घेतच नाहीत, टेबलाच्या लाकडावर दोन बोटं उंचीवरून सोडतात. बद्द आवाज. शेजारी साधा रुपया सोडतात, तो खणकतो. “आत पोकळ कोरलेलं एक नाणं, त्यात लेथवर बारीक केलेलं दुसरं. किनारीच्या आतून नख फिरवा, सांधा लागेल.” नाणं आणणाऱ्याचा लहान मुलगा ते लगेच खिशात घालतो. त्याला ते हवंच आहे, खोटं असलं म्हणून काय झालं.

मग इंदूरवाला स्वतः येतो. हातात होल्डर, त्यावर निळ्या शाईत ‘डबल डाय’. आत 1947 चा निकेलचा रुपया, वाघाचा. त्याच्यामागे एक गिऱ्हाईक, जाड काचांचा चष्मा, खिशातून पाकीट आधीच बाहेर.

“काका, ह्यांना सांगा जरा.”

काका बराच वेळ बघतात. सातच्या आकड्याला खालच्या अंगाला दुसरी एक कड दिसतेय. काका नाणं किंचित तिरकं करतात, पुन्हा सरळ करतात.

“डबल आहे. डाय डबल नाही.”

“म्हणजे काय?” गिऱ्हाईक विचारतं.

काका पोराकडे बघतात, जणू त्याला पाठ आहे का ते बघतायत, मग स्वतःच सांगतात. डाय बनवतानाच तिच्यात नक्षी दोनदा उतरली असेल, दुसऱ्यांदा जरा सरकून, तर त्या डायचं प्रत्येक नाणं तसं पडतं. दोन्ही आकडे गोलसर, पूर्ण उंचीचे, टोकांना खाच. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत 1955 मध्ये एका सेंटचं असं झालं, साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांना दोन दोन दिसतात, आणि ती नाणी जगभर नावाजली. आणि दुसरा प्रकार, डाय चांगली पण ढिली. ठसा बसून डाय वर उचलताना जराशी थरथरते आणि आकड्याची कड घासून एक पायरी पाडते. सपाट, बुटकी. आकडा त्यानं जाड होत नाही, उलट खाल्ला जातो. “ह्याला पायरी आहे. प्रेस हललीय. हे त्या एकाच नाण्याचं.”

“पण टाकसाळीतच झालंय ना?” इंदूरवाला म्हणतो. “काका, तुमचाच नियम. आत झालं की बाहेर?”

काकांना हे आवडत नाही, पण खोडताही येत नाही. “आतच झालंय.”

“मग एरर आहे.”

“आहे. पण तू लिहिलंयस ते नाही.”

इंदूरवाला होल्डरवरचं ‘डाय’ पेनानं गिचमिड करून खोडतो. आता तिथे नुसतं ‘डबल’ उरतं. पोरगा हसू दाबतो. गिऱ्हाईक चष्मा कपाळावर चढवून नाणं डोळ्याला लावतं, कड फिरवतं, एक फेरा, आणि विचारतं, “किती कमी कराल?”

“डाय खोडली ना, दोनशे कमी.”

“पाचशे.”

“तीनशे. शेवटचा.”

पाकीट उघडतं. काका तोंड उघडणार तेवढ्यात इंदूरवाला नोटा मोजता मोजता त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो.

“काका, दोन वाजले. बाहेर पुरी-भाजी संपत आलीय. तुम्ही ह्या पोराला घेऊन जेवून या ना. मी बघतो टेबल.”